काकाच्या तिसऱ्या अल्बममधला समुद्र

बाळांनो, तुमच्या काकाचा, म्हणजे माझ्या लेकाचा, तिसरा अल्बम तुम्ही तिकडे फोनवर ऐकला असेल. छान झालाय, असं मला कळवू नका. माझा राग अजून उतरलेला नाही.

काकाचं हेवी मेटल मी पहिल्यापासून क्रमाने ऐकत आले आहे. पहिल्या अल्बममध्ये सगळी वाद्यं एकमेकांच्या पुढे धावत होती आणि काका घसा फाटेपर्यंत ओरडत होता. दुसऱ्यात वेग उतरला, गिटारी खालच्या सुरात गुरगुरू लागल्या. तिसऱ्यासाठी त्याने शिरगावच्या खनिजाच्या ट्रकांवर गाणं केलं, आपल्या दोरीवरचे धुतलेले कपडे लाल करणाऱ्या ट्रकांवर. त्यात त्याने आपलं घुमट घेतलं, तोंडावर कातडं ताणलेलं मातीचं वाद्य, चतुर्थीच्या आरतीला वाजतं तेच. मडक्यातला तो घुमणारा आवाज गिटारींच्या खालून आला, तेव्हा वाटलं, आता हा आपल्या डिचोलीचा आवाज काढतोय.

मग रेकॉर्डिंगला त्याच्या बँडमधले सगळे पेडण्याच्या किनाऱ्यावरच्या स्टुडिओत गेले. वाजवण्याआधी घुमट उन्हात तापवतात, हे आपल्याकडे कुणालाही माहीत. यांनी ते दिवसभर एसीत ठेवलं. कातडं सैल पडलं, आवाज बसला. मुंबईचे प्रोड्युसर म्हणाले, हरकत नाही, आणि घुमट काढून तिथे समुद्राच्या लाटा घातल्या.

ते गृहस्थ आमच्याकडे जेवायला आले असताना काकाने मला ते ऐकवलं. मी वाढायची थांबले आणि विचारलं,

"हे काय?"

"समुद्र, काकू," प्रोड्युसर म्हणाले. "गोव्याचा फील येतो."

"आमच्या डिचोलीला कुठला समुद्र? मासळीवालीच्या पाटीतून येतो तेवढाच."

काका उसळला. "गो आई, पयल्या अल्बमाक तू कानात कापूस घातललंस!"

"घातला होता! ह्याला कापूस लागणारच नाही. ह्याने झोप येते."

दुसऱ्या दिवशी मीच घुमट अंगणात उन्हाला ठेवलं. दुपारी काकाने तिथेच ते वाजवलं, रेकॉर्ड केलं आणि गाण्यात बसवून मुंबईला पाठवलं. उत्तर आलं, मागे शेजारणीचा मिक्सर ऐकू येतो, चालणार नाही.

काका भांडला नाही. लाटाही नकोत आणि घुमटही नको, म्हणून त्याने ते गाणंच अल्बममधून काढून टाकलं. वर मला म्हणतो, "मधला मार्ग काढला, आई." दारावरून जाताना त्या ट्रकांनी आम्हाला कधी विचारलं नव्हतं. आणि हा त्यांच्यावरचं गाणं एका माणसाच्या नापसंतीने गिळून बसला! लाटा मात्र वाया गेल्या नाहीत. त्या दुसऱ्याच एका गाण्याच्या सुरुवातीला आहेत.

अंगणात झालेलं ते गाणं मी त्याला न विचारता तुम्हाला पाठवते आहे. मोठ्याने लावा. शेजारी तक्रार घेऊन आले, तर त्यांना आत बसवा आणि पहिल्यापासून ऐकवा.