माती बाटेल म्हणून

नोकरीतली पुष्कळ प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत, पण कोल्हापुरातलं हे एक अजून जसंच्या तसं डोळ्यांपुढे उभं राहतं. तक्रार घेऊन आलेला माणूस स्वतःच्याच मुलाविरुद्ध आला होता.

सत्तरच्या दशकाचा तो शेवट. शहरातल्या एका ठाण्याचा मी निरीक्षक होतो. सकाळची हजेरी आटोपते न आटोपते तोच बाहेर ठाणे अंमलदाराचा आवाज चढलेला ऐकू आला. शाहूवाडीकडचा एक शेतकरी खांद्यावर तांदळाचं गाठोडं घेऊन उभा होता आणि अंमलदार त्याला परत पाठवत होता. मी त्याला आत बोलावलं.

"सायेब, माझ्या पोराला धरा," तो म्हणाला. "पैलवान गडी हाय, कॉलेजात शिकतंय. आता दिवसाढवळ्या झोपतंय. बोलताना जीभ अडकत्या. खोलीवर गेलो तर उशाखाली ह्या गावल्या." त्याने मूठ उघडून झोपेच्या गोळ्या टेबलावर ठेवल्या. "आत घाला, पर जित्तं ऱ्हाऊ द्या."

मुलांच्या व्यसनावर पांघरूण घालणारे आईबाप मी ढिगानं पाहिले होते. हा माणूस गाठोडं खाली ठेवायचंही विसरला होता. मला त्याच्यापुढे बसून राहवेना, मी उठून त्याला खुर्ची दिली.

मुलाला बोलावून घेतलं. अंगानं थोराड, पण चेहरा उतरलेला. परीक्षेच्या धास्तीनं झोप उडाली म्हणून पहिली गोळी घेतली, एवढं त्यानं कबूल केलं. वसतिगृहातली आणखी मुलंही घेतात, हेही सांगितलं. पण गोळ्या कोण पुरवतो, यावर तोंडाला कुलूप. मी समजावलं, दरडावलं. शेवटी माझे हवालदार हात शिवशिवल्यासारखे जवळ येऊन उभे राहिले, त्यांना बाहेर घालवलं. मुलगा एकच म्हणत राहिला, "मैतरांची नावं येतील की सायेब. मी न्हाय सांगणार."

त्याला अटक केली तर कॉलेज सुटणार, पुढे नोकरीची आशाही संपणार. सोडून दिलं तर गोळ्या चालूच राहणार. पुरवणारा सापडला तरच पोरगं वाचणार होतं. बाप बाहेरच्या बाकावर बसून होता. मी त्याला सहज विचारलं, मुलगा कोणाचं ऐकतो? तो म्हणाला, "माझं न्हाय. वस्तादांचं."

मुलगा आधी एका तालमीत राहायचा. अभ्यासाचं निमित्त सांगून तिथून वसतिगृहात गेलेला. दुसऱ्या दिवशी पहाटे मी साध्या वेशात त्याला घेऊन तालमीत गेलो. आधी वस्तादांना भेटून सगळं सांगितलं होतं. ताक, हळद, लिंबू, तेल घालून मळलेली तांबडी माती, कोपऱ्यात मारुती, पोरांच्या जोरबैठका चाललेल्या. वस्तादांनी मुलाकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "कपडे काढ. उतर मातीत."

मुलानं चपला काढल्या. कुस्तीच्या मातीच्या हौद्याच्या काठापर्यंत गेला आणि तिथेच थबकला. नशा करून मातीत पाय ठेवायचा नाही, हा तालमीचा कायदा. तो मोडला असता तरी त्याला अडवणारं तिथे कोणी नव्हतं.

"मला उतरता येणार न्हाय, वस्ताद."

"का रं?"

"माती बाटंल."

आणि हा धिप्पाड गडी काठावर बसून हमसून हमसून रडला. मग त्यानं आपणहून सगळं सांगितलं. एका औषधाच्या दुकानातला नोकर मालकाच्या नकळत, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मागच्या दारानं गोळ्या विकत होता.

पुढचं काम आमच्या सवयीचं. औषध निरीक्षकांना बरोबर घेतलं, दोन पंच बोलावले आणि एका तरुण शिपायाला विद्यार्थी करून गिऱ्हाईक म्हणून पाठवलं. त्यासाठी त्याला झुबकेदार मिशी उतरवावी लागली. छापा यशस्वी झाला, पंचनामा झाला, पण तो बिचारा मिशी वाढेपर्यंत माझ्याशी धड बोलला नाही.

मुलाचा जबाब साक्षीदार म्हणून घेतला. बाकीच्या मुलांची नावं प्राचार्यांनी मागितली, मी दिली नाहीत. वस्ताद म्हणाले, "नावं कशाला? वसतिगृहातली समदीच पोरं हिकडं धाडा." प्राचार्य भले माणूस, त्यांनी ते मानलं. ज्यांना डॉक्टर लागले त्यांना डॉक्टर दिले आणि पहाटे सगळे तालमीत येऊ लागले.

आपल्या या मुलाला मात्र वस्तादांनी मातीत उतर असं पुन्हा सांगितलं नाही. "तुझं तुला कळंल," म्हणाले. तो काठावर बसून ताक, तेल आणून द्यायचा, दुसऱ्यांच्या कुस्त्या पाहायचा. पोलिसांच्या मारासाठी तो पोरगा मन घट्ट करून आला होता. ज्याच्यापुढे लाज वाटते ते माणसाला कसं आवरतं, हे मी त्याच्याकडून शिकलो. पुढे कुठलाही तरुण माझ्यासमोर आला की आधी विचारायचो, हा कोणाला मानतो?

काही महिन्यांनी वस्तादांचा निरोप आला. गेलो तर बापही गावाहून आलेला. मुलानं चपला काढल्या, मारुतीला नमस्कार केला आणि मातीत उतरला. बापानं वाकून चिमूटभर माती उचलली. मला वाटलं, मुलाला लावेल. तो माझ्यासमोर आला आणि गणवेशात उभ्या असलेल्या माझ्या कपाळाला त्यानं ती लावली.

त्या बापाचे, त्या वस्तादांचे उपकार माझ्यावरच झाले, असं मी आजही मानतो. ठाण्यात परतलो तेव्हा अंमलदार म्हणाला, "सायेब, कपाळाला कायतरी लागलंय." मी म्हणालो, "असू दे."