कॅमेऱ्याच्या पट्ट्याला घातलेले चार टाके

उंचावरून खाली जाणाऱ्या माणसाच्या अंगावर कॅमेरा कसा बांधावा, हे मला माहीत आहे. चौथी शिकलेल्या, जोयडा तालुक्याबाहेर फारशी न गेलेल्या बाईला ते माहीत असायचं काही कारण नव्हतं. विमानातून उड्या मारलेल्या एका माणसानं ते माझ्या ओसरीवर बसून सांगितलं. मी ते ऐकलं आणि मोडलं, म्हणून पक्कं लक्षात राहिलं.

गोवा मोकळं झालं त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली गोष्ट. आम्ही कुंभारवाड्याच्या बाजूला जंगलात राहत होतो. थोडी भातशेती, बाकीचे दिवस जंगलातली मजुरी, आणि उन्हाळ्यात मध. माझा नवरा कड्यावरचा मध काढायचा. काळी नदीला लागून उभे कडे आहेत, त्यांच्या पोटाला आग्यामाशा पोळी लावतात. वरून दोर सोडायचा आणि दोराला बांधलेल्या माणसानं खाली जाऊन पोळं कापायचं, असं ते काम.

दोर कोणी धरायचा याला आमच्यात नियम होता. बायकोच्या भावानं धरायचा. सख्खा भाऊ धरत नाही, कारण त्याची जमिनीत वाटणी असते. मेव्हणा धरतो, कारण त्याचा हात सुटला तर त्याचीच बहीण रांडमुंड होते. माझ्या नवऱ्याचा दोर माझा धाकटा भाऊ धरायचा. खालून दोर एकदा ओढला की सोडायचा, दोनदा ओढला की वर घ्यायचा. कड्याचं पोट आत गेलेलं असतं, वरच्याला खालचा माणूस दिसत नाही. म्हणून त्यानं फक्त दोराचं ऐकायचं, माणसाचं नाही. दोर हातात हलका झाला म्हणजे खालचा माणूस कुठंतरी पाय टेकून उभा राहिला. मग त्याला हलता यावं म्हणून दोन हात दोर जास्त सोडायचा, झाडाला बांधायचा आणि पुढच्या इशाऱ्याची वाट बघत बसायचं.

बायकोनं खाली नदीतल्या दगडावर बसायचं, तोंड मिटून. उठायचं नाही, हाक मारायची नाही. लोक याला देवाचं कारण द्यायचे. मला साधं कारण ठाऊक होतं. बायको ओरडली की दोरावरचा माणूस खाली बघतो, आणि तिथं खाली बघून चालत नाही.

त्या उन्हाळ्यात नदीवर धरण बांधायचं म्हणून पाहणी करणारी माणसं हिंडत होती. त्यांच्याबरोबर बेळगावकडचा एक फोटोग्राफर आला. तो आधी पलटणीत होता. हवाई छत्री बांधून विमानातून उडी घ्यायची आणि पडता पडता बाकीच्या पडणाऱ्यांचे फोटो काढायचे, हे त्याचं काम. माझ्या सासूनं हे ऐकलं आणि म्हणाली, "पोटाला दुसरं काय मिळालं न्हाई व्हय ह्याला?"

त्याला समोरच्या काठाच्या कड्याचे फोटो हवे होते. वरून झाडं आड येत होती, खालून नुसता पाया दिसत होता. अलीकडच्या कड्याच्या मधोमध लोंबकळून काढले तरच ते मिळणार होते. तो म्हणाला, "मी उतरतो, तुम्ही दोर धरा."

माझ्या भावानं विचारलं, "साहेब, लगीन झालंय?"

"नाही."

"मग दोर कोण धरणार? तुमाला मेव्हणाच न्हाई."

"अरे, मी विमानातून उड्या मारल्यात."

"तिथं दोर कुणी धरला हुता?"

"कोणीच नाही. छत्री असते."

"मग तिथं खुशाल पडा. हितं दोर हाय."

सगळे हसले, तोही हसला. पण कोणी दोराला हात लावेना. दोन दिवस तो माणसं विचारत फिरला, नंदिगड्ड्यापर्यंत जाऊन आला. शेवटी माझा नवरा म्हणाला, "मीच जातो. कळ दाबायची हाय न्हवं? ती मलाबी दाबता येती." त्याला जरुरी नव्हती. हा कडा कोणाला जमणार नाही असं कोणी म्हटलेलं त्याला सोसत नव्हतं, एवढंच.

मग आमच्या ओसरीवर त्याची शिकवणी झाली. दोन भिंगांचा जड कॅमेरा होता. त्यात वरून वाकून बघायचं, आणि डावीकडचं उजवीकडे दिसायचं. नवरा म्हणाला, "ह्याला डोळं दोन, आनि बघायचं डोसक्यातनं." उजेडाचं काय ते साहेबानं आधीच लावून दिलं. आमच्या फणसावर चढवून, फांदीला टांगून त्याच्याकडून दहा वेळा कळ दाबून घेतली.

कॅमेऱ्यापेक्षा त्याला काळजी होती ती बांधण्याची. जाड पट्ट्यांचा एक जानव्यासारखा साज होता, दोन्ही खांद्यांवरून येऊन पाठीवर एकमेकांना छेदणारा. पुढं छातीवर एक लोखंडी खिट्टी. त्याच खिट्टीला कॅमेरा. खिट्टीची दोरी एकदा ओढली की पट्टे, कॅमेरा सगळं अंगावरून गळून पडायचं. तो म्हणाला, अंगावर लोंबतं काही ठेवायचं नाही, गळ्यात काही घालायचं नाही, कॅमेरा हातात धरून उतरायचं नाही. आणि काही अडकलं तर विचार करायचा नाही, खिट्टी ओढायची.

"आणि कॅमेरा?" मी विचारलं.

"गेला तर गेला, वहिनी. कॅमेरा माणसाला बांधायचा. माणूस कॅमेऱ्याला नाही. माझा एक सोबती पट्टा न सुटल्यानं गेलाय."

हे त्यानं दोनदा सांगितलं. मी दोन्ही वेळा तिथंच तांदूळ निवडत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी साज माझ्या हातात आला. नवरा अंघोळीला गेला होता. मी खिट्टीची दोरी जराशी ओढून बघितली, तर सगळं फटकन सुटलं. मला काळजी वाटली ती माणसाची नाही, कॅमेऱ्याची. लोकाची एवढी महागाची वस्तू, आणि बांधली कशानं, तर जी एका बोटानं सुटते तिनं. आमच्याकडे गाठ सुटली म्हणजे बाईच्या कामाला नावं ठेवतात. भाऱ्याची गाठ, गुराचं दावं, मधाच्या डब्याचं फडकं, सगळं आवळून बांधायचं, हेच आम्ही शिकलो. मी दाभण आणि सुतळी घेतली आणि खिट्टी पट्ट्यात चार टाके घालून शिवून टाकली. वरून पट्टा ओढून घेतला, टाके दिसू नयेत म्हणून. साहेबाला वाईट वाटलं असतं.

नवऱ्याला अंगात चढवताना कळलं. त्यानं टाक्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "बरं केलंस." कोयताही त्यानं घरीच ठेवला. कॅमेऱ्याला लागून ओरखडा पडेल म्हणून.

त्या साली त्या कड्यावर पोळी नव्हती, त्यामुळे माशांची भीती नव्हती. भाऊ वर गेला. मी दगडावर बसले. साहेब माझ्या शेजारी उभा राहिला, दुर्बीण आणि लाल फडकं घेऊन. कुठं थांबायचं ते तो फडक्यानं दाखवणार होता. नदी उन्हाळ्याची असली तरी तिथं पाणी दगडांवरून उडी घेतं. शेजारी बोललेलंही मोठ्यानं बोलावं लागायचं.

नवरा उतरला. मधाला जाताना तोंड कड्याकडे असतं, हात पुढं चाचपत जातात. आज फोटोसाठी पाठ कड्याला होती. तो असा कधीच उतरला नव्हता. साहेबानं फडकं हलवलं तसा तो थांबला, वाकून बघितलं, कळ दाबली. मग दोर एकदा ओढून आणखी खाली. चार फोटो झाले. साहेब खूश होता. त्यानं आणखी थोडं खाली जायची खूण केली.

नवऱ्यानं दोर एकदा ओढला. भावानं सोडायला सुरुवात केली. आणि कड्यातून बाहेर आलेल्या पिंपरीच्या झाडाच्या एका मेलेल्या मुळाच्या खुंटावर पाठीवरचे पट्टे अडकले.

दोर खाली येत राहिला, माणूस आला नाही. पट्टे त्याच्या काखेत वर सरकले, सगळं वजन त्यांच्यावर आलं. दोर ढिला पडून त्याच्या गुडघ्याशी लोंबला. वर भावाच्या हातात दोर हलका झाला. म्हणजे दाजी टेकले. त्यानं शिकल्याप्रमाणे दोन हात दोर जास्त सोडला आणि झाडाला बांधला. त्याची काही चूक नव्हती.

नवऱ्यानं डाव्या हातानं दोर ओढला. ढिला दोर हातभर त्याच्याकडे आला, वर कोणाला काही कळलं नाही. पुन्हा ओढला, पुन्हा तेच.

साहेब ओरडायला लागला, "खिट्टी ओढ! खिट्टी!" नवऱ्याला ऐकू गेलं नसणार, पण त्याला ते पाठ होतं. त्याचा हात छातीवर गेला. त्यानं ओढलं. परत ओढलं. सुटला असता तर फार तर चार हात खाली आला असता आणि कमरेच्या दोराला लागून थांबला असता. काही झालं नसतं.

साहेब दुर्बिणीतून बघत म्हणाला, "अडकत नाही ती. कधीच अडकली नाही. काय झालंय तिला?"

मी म्हणाले, "मी शिवलीय."

त्यानं दुर्बीण खाली केली. माझ्याकडे बघितलं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "वाट तुला माहीत आहे. पळ. मी इथून त्याला दिसत राहतो."

बायकोनं उठायचं नसतं. मी उठले. वर जायला डोंगराला वळसा घालून अर्धा तास लागतो. मी किती वेळात गेले ते ठाऊक नाही. झाडीत शिरल्यावर कडा दिसेनासा झाला, आणि ते सगळ्यात वाईट होतं. दिसत होतं तोवर निदान तो हलतो की नाही ते कळत होतं. एकच गोष्ट डोक्यात फिरत होती, की टाके कच्चे घालायला हवे होते. तीन वेळा सुतळी फिरवून वर गाठ मारली होती मी.

वर भाऊ झाडाला टेकून विडी ओढत बसला होता. मला बघून चिडला.

"अक्का, उठलीस कशापायी?"

"वर घे त्यास्नी."

"दाजींनी वढलं न्हाई अजून."

"त्यास्नी वढता येईना. अडकल्यात."

"दोर हलका हाय. टेकल्यात ते. तू खाली जा, असलं करू न्हाई बाईनं."

मी दोराला हात घातला. त्यानं माझा हात झटकला, मग माझं तोंड बघितलं आणि विडी टाकली. आम्ही दोघांनी ढिला दोर वर घेतला. तो ताणला गेला तेव्हा खाली वजन लागलं, आणि एका हिसक्यानं पट्टे खुंटावरून निघाले. दाजींचं नाव घेत, रडत, भावानं त्याला वर घेतलं. मी मागं दोर धरून होते, माझा काही उपयोग होता असं नाही.

नवरा जिवंत होता. ओठ काळे पडले होते. उजवा हात खांद्यापासून लोंबत होता, दुसऱ्याचा असावा तसा. त्यानं पहिलं विचारलं ते कॅमेऱ्याचं. कॅमेऱ्याला ओरखडाही नव्हता.

साहेब धापा टाकत वर पोचला. त्यानं खिशातून चाकू काढला, माझ्या भावाकडे पाठ केली आणि चार टाके कापून सुतळी मुठीत घेतली. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "माझी खिट्टी गंजली होती. माझी चूक." टाके माझे होते, हे मी तिथंच सांगायला हवं होतं.

जोयड्याच्या दवाखान्यात नेलं, मग हाडं बसवणाऱ्याकडे. दोघांनीही तेच सांगितलं, काखेतली शीर दबून गेली. हात परत आला नाही. फोटो चांगले निघाले म्हणे. एक आम्हाला पाठवला होता, नुसते दगड होते त्यात. नवरा मला कधी बोलला नाही. फक्त मी काही शिवायला बसले की म्हणायचा, "घट्ट शिव. तुझी शिवण सुटत न्हाई." मी ऐकून घ्यायची.

भावानं पुन्हा दोर धरला नाही. लोकांनी त्याला नावं ठेवली नाहीत, पण दाजी लटकले होते तेव्हा आपण विडी ओढत बसलो होतो, हे त्यानं स्वतःच सांगत फिरायला सुरुवात केली. कोणी विचारो न विचारो. खिट्टी गंजली होती हे त्याला पटत नव्हतं असं नाही, पण त्याच्या मते दोर त्याच्या हातात होता. नवरा एकदा मला म्हणाला, "त्याला सांगून टाक गे." मी म्हणाले, "तुमीच सांगा." त्यानं सांगितलं नाही, मीही नाही. नवरा आणि भाऊ, दोघंही आता नाहीत.

दर गणेशचवथीला भाऊ आमच्याकडे यायचा. जेवण झालं की पानाचा डबा ओढून घ्यायचा आणि दाजींसाठी सुपारी कातरायला बसायचा, कारण दाजींना एका हातानं अडकित्ता चालवता येत नव्हता. बारीक, एकसारखी कातरायचा आणि त्यांच्या डाव्या हातावर ठेवायचा. मी समोर बसून ते बघत असे.