लाल गाडी, पांढरी गाडी आणि आमचे हे

आज सकाळी हे गेले. घरात, पलंगावर, शांतपणे.

मी तीस वर्षं घाबरले ती हे रस्त्यावर जातील म्हणून.

मिल बंद झाली तेव्हा हे तिथे मिस्त्री होते. सगळ्यांची नोकरी गेली. यांच्याकडे मिलमालक सेठजींची जुनी लाल स्पोर्ट्स कार सांभाळायचं काम तेवढं राहिलं. छत नाही, दोनच सीटा, आवाज असा की गल्लीतली कुत्री उठायची.

मग सेठजींचा मुलगा, छोटे सेठ, दुसरी घेऊन आले. पांढरी, बंद, दोन दारांची. कूपे म्हणायचे तिला. रोजच्या वापराची.

ठेवायची एकच, आणि कुठली ते यांना विचारणार होते. त्यांच्या मुलीला शाळेत सोडायला.

पांढरी ठेवली तर सर्व्हिस कंपनीत, चालवणार छोटे सेठ स्वतः. लाल ठेवली तरच यांची नोकरी.

घरून निघताना मी म्हटलं, "जुनीच चांगली म्हणा. अन्नपूर्णा मातेची शपथ आहे."

हे हसले. "देवीला कशाला मिस्त्रीकामात ओढतेस?"

गाड्यांच्या पूजेसाठी मलाही बोलावलं होतं. आधी यांनी मला दोन्ही गाड्यांतून चक्कर मारून आणली.

लालमध्ये पदर तोंडावर, पायाखाली थरथर. वळणाआधी हे तीन-तीनदा ब्रेक दाबायचे. मी सारखा जप करत होते.

पांढरीत गारेगार. बेल्ट लावलेला. ब्रेक दाबला की जागच्या जागी.

तिच्यात मी जप विसरले.

"लाल बोलते गं माझ्याशी," हे म्हणाले. "ही नुसती काम करते."

मला वाटलं, चला, नोकरी वाचली.

मग बंगल्याच्या उतारावर पूजा. हळदकुंकू, हार. चाकाखाली लिंबू ठेवायचं काम माझं.

लाल गाडीत कोणी नव्हतं. हँडब्रेक यांनीच ओढलेला.

मी लिंबू ठेवलं, आणि गाडी आपोआप सरकली.

हात काढला तोवर लिंबाचा चेंदामेंदा. एक बांगडी फुटली.

यांनी धावत येऊन चाकाला वीट लावली. बाकी कुणाचं लक्ष नव्हतं.

मी पुटपुटले, "काही झालं नाही. बोलू नका हो."

तेवढ्यात छोटे सेठ आले. "तो बोलो मिस्त्रीजी, कौन सी रखें?"

मुलांच्या शाळा, सासूबाईंचं औषध, सगळं माझ्या डोळ्यांसमोर.

हे म्हणाले, "भैयाजी, नई रखो. ये खड़ी-खड़ी चल देती है. बिटिया को इसमें मत बिठाना."

लाल बॉनेटवरून एकदा फडकं फिरवलं, चावी दिली आणि निघाले.

वाटेत मी रडले. "आता काय हो करायचं?"

"भीती मलाही वाटतेय," म्हणाले. "पण ही भीती घेऊन झोप तरी लागेल."

पुढे वीस वर्षं सियागंज बाजारात हार्डवेअरच्या दुकानात उभे राहिले. सायकल दिसेपर्यंत मी रोज दारात.

आता वाट बघणं संपलं. वाटलं होतं, त्याबरोबर भीतीही संपेल.

नाही संपली. आता एकटं राहायची आहे.

अहो, माझा नमस्कार घ्या.

सांभाळून जा.