कढईतला केळ्यांचा केक

भडगावला राहणाऱ्या माझ्या नणंदेचा फोन आला तेव्हा मी तापातून नुकतीच उठले होते. तिच्या बचत गटातल्या बायकांना केक शिकायचा होता. मी जळगावात घरून वाढदिवसाचे, साखरपुड्याचे केक करून देते, त्यामुळे असं काही निघालं की नातेवाइकांना माझीच आठवण होते.

"फक्त एक आहे वहिनी," ती म्हणाली, "इथे कोणाकडेच ओव्हन नाही. कढईत करून दाखवा. आणि केळ्यांचा करा, केळी घरचीच आहेत."

मी हो म्हटलं. लग्नाआधी कढईत केक केलेला होता, त्यात अवघड ते काय, असं वाटलं.

दोन दिवसांनी नवरा आंघोळ अर्धी टाकून ओरडत आला, "अगं, दूध!" पातेल्याचं बूड काळं झालं होतं आणि मी त्याच ओट्याशी उभी राहून कोथिंबीर निवडत होते. मी कोथिंबिरीची जुडी नाकाशी धरली. काही नाही. हिंगाची डबी उघडली. काही नाही. लसूण ठेचला, तर डोळ्यांत पाणी आलं, पण वास नाही. जेवताना लक्षात आलं की भाजीत मीठ आणि तिखट एवढंच कळतंय, बाकी सगळं सपाट. डॉक्टर म्हणाले, तापानंतर कधीकधी होतं असं, येईल परत. कधी, ते त्यांनाही सांगता येईना.

तरीही भडगावचं काम मला जमणार नाही असं तेव्हा मनात आलं नाही. ते कळलं पहिला केक कढईत ठेवल्यावर. ओव्हनला काच असते, आत दिवा असतो, बटण फिरवलं की उष्णता ठरलेली. कढईचं तसं नाही. खाली मीठ पसरायचं, त्यावर रिंग, रिंगवर डबा, वरून घट्ट झाकण. आत काय चाललंय ते दिसत नाही, आणि बघायला झाकण लवकर उचललं तर केक मधोमध बसतो. कढईत केक करणारी बाई नाकावर करते. भाजल्याचा वास सुटला की मगच ती झाकणाला हात लावते. हे मी पूर्वी करत होते, पण करतेय हे मला माहीतच नव्हतं.

मी घड्याळ लावून केला. खालून कोळसा, वरून ओला. आच कमी करून पुन्हा केला, तर पांढराफटक आणि चिवट. मग नवऱ्याला गॅसजवळ स्टूल टाकून बसवलं.

"येतोय का वास?"

"येतोय."

"कशाचा?"

"केकचा."

"अहो, कच्च्याचा की भाजलेल्याचा?"

त्याने डोळे मिटून बराच विचार केला. "गोड येतोय," तो म्हणाला. तेवढ्यात शेजारच्या घरात कोणीतरी फोडणी टाकली आणि तो म्हणाला, "आता वांग्याचा येतोय." झाकण उघडलं तर केक करपलेला. तोही त्याने खाल्ला आणि छान झालाय म्हणाला. मी एक तुकडा तोंडात टाकला. गोड होता. करपलेलाही मला नुसता गोडच लागला. त्या क्षणी मला फार भीती वाटली, आणि कशाची ते नीट सांगताही येईना. केक बिघडल्याची नव्हती. बिघडला आहे हे मला दुसऱ्याकडून कळणार होतं, त्याची असेल.

धुळ्याला आईला फोन लावला. म्हटलं, नणंदेला नाही सांगून टाकते.

"नाक गयं ते जाऊ दे," आई तिच्या अहिराणीत म्हणाली, "तुले कान शेतस ना? वरण शिजस तव्हय बोलस. शिजी गयं का गप्प."

आईने आयुष्यात केक केलेला नाही. पण दुसरा उपाय नव्हता. मी पंखा बंद केला, नवऱ्याला बाहेर पाठवलं आणि झाकणाजवळ कान नेला. आधी मीठच तडतडत होतं. मग त्याखाली बारीक, ओलसर चुळबूळ ऐकू यायला लागली. ती हळूहळू कमी झाली, थांबली. मी उघडलं. केक सुरेख फुगलेला, सुरी कोरडी निघाली. मी ओट्याशी उभ्या उभ्याच हसले. खात्रीसाठी लगेच पुन्हा केला, तस्साच कान लावून, तीच चुळबूळ, तसंच थांबणं, आणि आतून कच्चा. मग पहिला कानाने झाला की नशिबाने? जो चांगला झाला तो डब्यात घातला, तयार नमुना म्हणून, आणि नवऱ्याबरोबर बसने निघाले. पाचोऱ्यापर्यंत मी तो डबा मांडीवरून खाली ठेवला नाही.

भडगावला देवळाच्या सभागृहात सतरंज्यांवर बायका बसलेल्या होत्या. समोर टेबल, टेबलावर केळ्यांची फणी, आणि खाली शेगडी. पंगतीच्या स्वयंपाकाला लावतात ती, घुर्रघुर्र आवाज करणारी. बारीक केली की विझायची, नाहीतर भडकायची. म्हणजे घड्याळही गेलं आणि कानही गेले.

मी केळी कुस्करली, साखर, तेल, दही घालून फेटलं, कणीक सोड्याबरोबर चाळून मिसळली, डब्याला तूप लावून पीठ भुरभुरवलं. हात सरावाने चालले होते. डबा कढईत ठेवून झाकण घातलं आणि वळून म्हणाले, "मला वास येत नाही. कधी भाजला ते तुम्हीच सांगायचं."

मग पुढची एक म्हातारी अक्का म्हणाली, "काहीच नही ये? अगरबत्तीनाबी?"

"नाही अक्का."

ती उठली आणि शेगडीजवळ येऊन बसली. तिच्यामागून आणखी दोघी आल्या, मग सगळ्याच सरकल्या. थोड्या वेळाने एक म्हणाली, शिऱ्यासारखा येतोय. दुसरी म्हणाली, नाही, पिकलेल्या केळ्याचाच अजून. तिसरीला रव्याचे लाडू आठवले.

"ताई, उतारा आते, वास सुटना," मागून एक ओरडली, तिच्या मते तो भाजून झाला होता.

"नही, आखो कच्चं शे," अक्का म्हणाली.

अर्ध्या इकडे, अर्ध्या तिकडे. सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या, आणि मी अक्काकडे. शेवटी नणंदेलाच धीर धरवेना. तिने फडक्याने झाकण उचललं. मी सुरी घातली, ती ओली निघाली, आणि सगळ्यांच्या डोळ्यांसमोर केक मधोमध बसला. झाकण परत घातलं, अक्का म्हणेपर्यंत ठेवला. निघाला तो ताटलीसारखा, मध्ये खळगा.

मी दोन्ही केक शेजारी ठेवून कापले. नमुन्याचा दिसायला देखणा. अक्काने त्यातला तुकडा खाऊन म्हटलं, "हाई दुकाननं लागस." बसलेल्याचा खाऊन म्हणाली, "हाई घरनं शे." तिला कोणता आवडला, तेवढंच मला समजलं नाही. विचारायला गेले तर ती केळी कुठल्या बागेतली यावर दुसरीशी बोलत होती. बसलेला केक आधी संपला, पण तो समोर ठेवलेला होता, म्हणूनही असेल.

बायका गेल्यावर मी डबा घासायला घेतला आणि एकदम नाकात काहीतरी जळाल्यासारखं आलं, टायर जळतो तसं. मी नणंदेला म्हटलं, "बाहेर कोणी रबर पेटवलंय का?" तिने बाहेर जाऊन पाहिलं. काही नव्हतं. ती परत येऊन माझ्या बाजूला उभी राहिली. मी केळ्याची साल उचलून नाकाशी नेली आणि लगेच बाजूला केली. टायर तिथेच होता.

"वास आला ना पण!" नणंद टाळी वाजवून म्हणाली. मी हो म्हटलं. हसावं की रडावं ते ठरेना, म्हणून डबा घासत राहिले.

डॉक्टर म्हणतात, असंच उलटंसुलटं होत होत परत येतं. कांदा आता थोडा कांद्यासारखा येतो, केळं अजून नाही. ओव्हनमधले केक मी घड्याळावर करते, गिऱ्हाइकं नेहमीसारखी घेऊन जातात.

मागच्या आठवड्यात नणंदेचा पुन्हा फोन आला. गटातल्या तिघींनी कढईत केक केले होते आणि कोणाचा खरा जमला यावरून त्यांचं वाजलं होतं. "घेऊन ये, मी खाऊन सांगते," मी म्हणून गेले. रविवारी ती खरंच डबा घेऊन आली. मी तिन्ही तुकडे सावकाश खाल्ले. एक मऊ होता, एक भुसभुशीत, एक दाताला चिकटणारा. तिन्हींना तोच रबराचा वास. ती माझ्या तोंडाकडे बघत बसली होती. मी मऊ तुकड्याकडे बोट दाखवलं.

"तो माझा आहे," ती म्हणाली, आणि मी खरंच सांगितलं की तिचा आहे हे ओळखून मन राखलं, हे ती माझ्या चेहऱ्यावर शोधत राहिली.