बुधवारचं कोमट पाणी

नर्सची नोकरी संपली आणि घरी बसवेना, म्हणून मी नायगावच्या आमच्या बीडीडी चाळीतल्या वृद्धांच्या केंद्रात जाऊ लागले. तळमजल्यावरच्या दोन खोल्या एक करून केलेलं केंद्र होतं ते. एकटी राहणारी, नाहीतर मुलांच्या संसारात एका कॉटपुरती उरलेली माणसं दुपारी तिथे जेवायला यायची. वरणभात, एक भाजी, कधी उकडलेलं अंडं. जेवण झालं की कुणी पत्ते पिसायचं, कुणी भिंतीला टेकून डुलकी काढायचं. माझ्याकडे बीपी आणि साखर तपासायचं काम होतं. शिवाय दुपारचा चहा मीच करायचे.

आमच्याच चाळीतली एक म्हातारी होती. जन्मभर नाक्यावर कोथिंबीर-मिरच्या विकल्या तिने. एकदा ती चप्पल घालताना कळवळली. पाहिलं तर अंगठ्याचं नख वाढून मांसात घुसलेलं.

"कापत का नाही आत्या?" मी विचारलं.

"वाकता येत नाही गं पोरी. आणि सुनेला कोणत्या तोंडाने सांगू, माझी नखं काप म्हणून?"

मी टबात कोमट पाणी घेतलं, मीठ टाकलं, तिचे पाय भिजवले आणि नखं कापली. दुसऱ्या दिवशी आणखी दोघी पाय पुढे करून बसल्या. मग बुधवार हा नखांचा वारच ठरला. वॉर्डात मी वर्षानुवर्षं काम केलं, पण तिथे मला पेशंट दुखणं सांगायचे, बाकी काही नाही. इथे पाय कोमट पाण्यात गेले की माणसं आपोआप बोलायला लागायची. पहिलं बाळंतपण, सासूचा जाच, गिरणी संपाच्या काळातली उपासमार, सगळं निघायचं. फरशी ओली, खोलीभर डेटॉलचा वास, आणि मी खाली पाटावर बसून ऐकत असायचे. ते बुधवार मला अजून आठवतात.

एकच माणूस कधी पाय दाखवायचा नाही. मालवणकडचे एक आजोबा. मिलच्या ब्लीचिंग खात्यात आयुष्य गेलेलं, बायको वारलेली, मूलबाळ नाही. कमरेचं हाड मोडल्यापासून काठी घेऊन चालायचे. उन्हाळ्यातसुद्धा पायात कॅनव्हासचे बूट. मी विचारलं की हात जोडायचे.

"नको गे बाय. तू पायाक हात लावूचो नाय. माका पाप लागतला."

हे दोनतीन वेळा झाल्यावर आत्या माझ्या कानाशी पुटपुटली, "आपला हात नको असेल त्याला. कळत नाही का तुला?"

ते मला लागलं. आम्ही बौद्ध, ते कोकणातले मराठे. चाळीत एका नळावर पाणी भरून पिढ्या गेल्या होत्या, तरी असं काही घडणारच नाही असं मी म्हणू शकत नव्हते. माझ्या हातून गोळी घ्यायला नाखूश असलेले पेशंट मी पाहिले होते. त्यांच्याशी वाद घालत बसायला वॉर्डात वेळ नसायचा. इथे मात्र मन खट्टू झालं. आजोबांना विचारायचंच मी सोडून दिलं.

मग एका बुधवारी ते एका पायात बूट आणि दुसऱ्याला फडकं बांधून आले. चेहरा उतरलेला. जेवणाचं ताट तसंच ठेवलं. मी जवळ जाऊन बसले आणि म्हटलं, "आजोबा, खरं सांगा. माझा हात चालत नाही का तुम्हाला?"

"काय बोलतंस? तुझ्या हातची चाय रोज पितंय मा मी?"

"मग?"

ते काठीच्या मुठीवरून अंगठा फिरवत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "वास येता गो. पाय बघलंस तर परत माझ्याजवळ बसूचंस नाय."

मी टब आणला, बूट काढला आणि फडकं सोडलं. मिलमध्ये वर्षानुवर्षं अनवाणी पाण्यात आणि ब्लीचच्या रसायनात उभं राहून तळवे फाटलेले होते. नखं पिवळी, जाड, एक तर वळून शेजारच्या बोटात रुतलेलं. वास होताच. त्याहून वाईट वास मी वॉर्डात रोज घेतले होते. पाय पाण्यात घातले तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले. मी आत्याकडे पाहिलं. तिने सगळं ऐकलं होतं. ती उठली आणि पातेल्यातलं गरम पाणी आणून टबात बेताने ओतू लागली.

जखमेसाठी त्यांना हॉस्पिटलच्या ओपीडीत न्यावं लागलं. ड्रेसिंग बरेच दिवस चाललं. बाकीची नखं मी थोडी थोडी करून कापली. बरे झाल्यावर आजोबा बुधवारी सगळ्यांच्या आधी हजर. कोण लाजतंय ते त्यांना बरोबर कळायचं. त्याच्याशेजारी जाऊन बसायचे आणि म्हणायचे, "दाखव रे पाय. माझे बघलेत तिना, तुझ्याक काय घाबरतली?" आत्याशी त्यांचं पत्त्यांवरून रोज भांडण व्हायचं आणि रोज ती दोघं एकमेकांसमोरच बसायची.

पुढे आमच्या चाळी पुनर्विकासात रिकाम्या झाल्या. माणसं पांगली. कुणी शीवला भाड्याच्या खोलीत, कुणी रे रोडला मुलीकडे. आजोबांना पुतण्या गावी घेऊन गेला. केंद्र आता परळला एका शाळेच्या वर्गात भरतं. जागा स्वच्छ आहे, पंखे नवे आहेत. पण बस बदलून यायला जमत नाही, त्यामुळे जुन्यांतले थोडेच येतात. मी अजून जाते.

परवा पुतण्याच्या फोनवरून आजोबांचा फोन आला. म्हणाले, हयसर सगळा बरा आसा, पण जेवल्यावर बोलूक कोण नाय. मग विचारलं, "बुधवारी कोण कोण येता?"

मी एकेकाचं सांगत गेले. कोणाच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, कोण मुलाकडे विरारला गेलं. आत्या हिवाळ्यात वारली, तेही सांगितलं. पलीकडे कोंबड्यांचा आवाज येत होता.

"पत्त्यांत लय खोटा खेळायची," ते म्हणाले. मग, "ठेवतंय बाय. जेवाण वाढल्यानी."