आखूड नळी, लांब नळी

माझं लग्न एका रायफलच्या नळीपायी अडलं होतं, असं मी आज सांगितलं तर घरातली पोरं हसतात. हसू देत. एकोणीसशे साठच्या दशकात दुबईत खाडीकाठच्या पेढीवर दिवस काढले असते, तर कळलं असतं.

मी रत्नागिरीकडचा. मॅट्रिकपर्यंत शिकलेला, म्हणून त्या पेढीवर इंग्रजी पत्रव्यवहार माझ्याकडे होता. मालकाला आम्ही अरबाब म्हणायचो. तरुणपणी मोत्यांच्या व्यापारासाठी मुंबईला जाऊन येऊन त्याची हिंदी पक्की झालेली, पण इंग्रजीचं अक्षर त्याला येत नव्हतं. साहेबलोकांशी बोलायचं तर मध्ये मी, कस्टमला जायचं तर मी. माझा पासपोर्ट त्याच्या तिजोरीत होता. त्यात वाईट असं कुणाला वाटत नसे, सगळ्यांचेच असत.

गावी माझं लग्न ठरलं होतं. मुलगी शेजारच्या मोहल्ल्यातली. तिला मी एकदाच पाहिली होती. चपला हातात घेऊन ती लाँचवरून गुडघाभर पाण्यात उतरली आणि मागे वळून आपल्या धाकट्या बहिणीवर खेकसली. तेवढ्यावर मी तीन वर्षं काढली. तिच्या बापाने निरोप धाडला होता की मिरगाच्या आत ये, नाहीतर आम्ही मोकळे. मिरग लागला की आमच्या किनाऱ्यावरच्या लाँची बंद होतात, मग चार महिने कुणी येत नाही की जात नाही.

मी अरबाबकडे रजा मागितली. "गाव में थोड़ा काम है," एवढंच म्हणालो. आमच्यात स्वतःच्या लग्नाचं स्वतःच्या तोंडाने वडीलधाऱ्यापुढे काढत नाहीत. ते चाचाने नाहीतर मामाने बोलायचं असतं, आणि माझा चाचा होता गावी, मामा आफ्रिकेत.

"काम है तो जाओ," अरबाब म्हणाला. "पहले मेरा बंदूक मँगा दो. बंदूक आया, खलास, तुम जाओ."

बंदूक म्हणजे शिकारीची नवी सेमी-ऑटोमॅटिक रायफल. कॅटलॉगात एकच रायफल दोन तऱ्हांनी छापली होती, एक पुऱ्या लांबीच्या नळीची, दुसरी आखूड. अरबाबच्या वडिलांना लांब हवी होती. म्हातारा उंटावरून शिकार केलेला माणूस. त्याचं म्हणणं, लांब नळीची गोळी लांब जाते, आणि मजलिशीत, पाहुण्यांच्या बैठकीत, भिंतीला टेकवली की माणसाची इज्जत दिसते. अरबाबला आखूड आवडली होती, कारण तो लँड रोव्हरमधून हरणांच्या मागे लागणारा. गाडीत लांब नळी दाराला अडते, काचेवर आपटते, वळवेपर्यंत हरीण पसार. बापाला दुखवायचं नाही आणि स्वतःचं मनही मारायचं नाही, तेव्हा दोघंही रोज मलाच विचारायचे, पुस्तकात काय लिहिलंय? पुस्तकात लिहिलं होतं की दोन्ही उत्तम आहेत. विकणारा दुसरं काय लिहील?

शेवटी अरबाबने दोन बांबू कापून घेतले, एक लांब, एक आखूड. शहराबाहेर अल क्वोजच्या पलीकडे तेव्हा नुसती वाळू होती. तिथे तो गाडीत बसून एकदा हा बांबू बाहेर काढी, एकदा तो. हरीण म्हणून वाळूत मी पळत होतो. मॅट्रिक पास हरीण! रागाने माझं डोकं तापलं होतं, पण पळत राहिलो.

मी आखूड नळीच्या बाजूने बोलत होतो, त्याला कारण होतं. आखूड नळीची रायफल एजंटाकडे तयार होती. लांब नळीची विलायतेहून यायची, म्हणजे मिरग गेला. म्हणून मी आखूड नळीचे असे काही गुण गायले की विकणाऱ्याने मला कमिशन द्यावं. बार जास्त दणकतो आणि लांबचा नेम तितकासा खात्रीचा नाही, हेही त्याच पानावर होतं. ते मी वाचलंच नाही.

रायफल आली. वाळूत नेऊन अरबाबने ती उडवून पाहिली. कान बधिर झाले, पण तो लहान मुलासारखा खूश होता. म्हाताऱ्याने ती हातात घेतली, "ये तो लाठी है" म्हणाला आणि परत दिली. मला काय त्याचं! पुढच्या आठवड्याच्या आगबोटीने मी निघणार होतो. तिच्यासाठी घेतलेलं कापड ट्रंकेत होतं. त्या चार दिवसांत मी पेढीवर चक्क शीळ घालत होतो, आणि शीळ घातलेली म्हाताऱ्याला खपत नसे.

शुक्रवारी दुपारी तेल कंपनीतला एक इंग्रज साहेब जेवायला आला. साहेब आणि अरबाबच्या मध्ये मी दुभाष्या, म्हातारा पलीकडे लोडाला टेकून. जेवण झालं, कॉफी झाली. साहेबाची नजर रायफलीवर गेली. त्याने ती उचलली, तोलून पाहिली आणि इंग्रजीत म्हणाला की इतकी सुरेख, इतकी हलकी रायफल मी आजवर हातात धरली नाही.

त्या घरची रीत मला ठाऊक होती. पाहुण्याने एखाद्या वस्तूची तारीफ केली की ती त्याची झाली. असंच माझ्यादेखत अरबाबचं भिंतीवरचं घड्याळ गेलं होतं, ससाणा गेला होता. हे वाक्य मी जसंच्या तसं सांगितलं की रायफल साहेबाच्या मोटारीत, आणि अरबाब म्हणणार, दुसरी मागव, मग जा. एजंटाकडे होती तीही एकच. इकडे आड, तिकडे विहीर.

"क्या बोलता है?" अरबाबने विचारलं.

"साहब बोलता है, अच्छा है," मी म्हणालो, "लेकिन नली थोड़ा छोटा है."

दुसरं काही सुचलं नाही. तारीफ नको, म्हणून खोड काढली. साहेब आपला हसून मान हलवत होता. अरबाबचा चेहरा उतरला. म्हाताऱ्याने मात्र मांडीवर थाप मारली आणि पोराला अरबीत असं काही सुनावलं की ते कळायला दुभाष्या लागला नसता.

पाहुण्याने घरात बसून खोड काढली, ती रायफल आता मजलिशीत कशी राहणार? संध्याकाळच्या आत ती ड्रायव्हरला बक्षीस गेली. अरबाब मला म्हणाला, "लंबा नली का मँगाओ. वो आएगा, फिर तुम जाओ, इन्शाल्ला."

आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. ती ऑर्डरही मीच टाईप केली. आगबोट गेली. पुढचीही गेली. उन्हाळा असा पेटला की पेढीच्या दाराची कडी फडक्याने धरावी लागे. रोज सकाळी वाटायचं, आज बोलावं, सरळ म्हणावं की माझं लग्न आहे. अरबाब समोर येऊन बसायचा, चहा मागवायचा, आणि मी टाईपरायटरवर नवा कागद चढवायचो. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. तिजोरी माझ्या खुर्चीपासून हातभर अंतरावर होती.

मग गावचा एक तांडेल आला, शेवटच्या फेरीचं गलबत घेऊन. पेढीवर अरबाबसमोरच त्याने माझा हात धरला. "तुजी वाट बगून बगून तिच्या बापानं तिला दुसरीकडं दिलीन रे," तो म्हणाला. "काय करनार? मिरग आला."

मी खाली बसलो. अरबाबने विचारलं काय झालं, तेव्हा तांडेलाने मोडक्यातोडक्या हिंदीत सगळं सांगून टाकलं.

इतक्या वर्षांत अरबाब माझ्यावर एवढा कधी ओरडला नव्हता. "शादी? तेरा शादी था? और तू मेरे को बोला, थोड़ा काम है? बंदूक क्या चीज है? मैं खुद तेरे को लाँच पे छोड़ता! कायको नहीं बोला?" त्याचे डोळे भरले होते. माझे कोरडे होते. कायको नहीं बोला? लाज वाटली, एवढंच. पण ही लाज कुठल्या भाषेत सांगायची?

त्याने तिजोरी उघडली, पासपोर्ट काढून माझ्यापुढे टाकला. "यल्ला, जाओ. आज जाओ. जितना दिन चाहिए उतना दिन जाओ."

मी पासपोर्ट उचलला, त्याच्यावरची धूळ बाहीने पुसली आणि पुन्हा त्याच्या हातात दिला.

"बंदूक आने दो, अरबाब," मी म्हणालो. "फिर देखेंगे."