भिकाऱ्याचा बिल्ड

प्रदीप कुणाचं काही विसरत नसे, आणि बाजीरावचं तर एक अक्षरही नाही. दोघं देहूरोडला लष्कराच्या एका डेपोत स्टोअरचे कारकून. अठरा वर्षं टेबलाला टेबल लावून बसलेले, एकमेकांच्या डब्यातली भाजी खाणारे, आणि मनातून एकमेकांचं तोंड बघायला नको असलेले.

भांडणाचं मूळ दोन मार्कांत होतं. बाजीरावचा धाकटा भाऊ मारुती प्रदीपबरोबरच भरतीच्या परीक्षेला बसला होता. मारुतीला दोन मार्क जास्त पडले, पण जागा राखीव होती, ती प्रदीपला मिळाली. प्रदीपचं घराणं बौद्ध. त्याचे वडील आंदर मावळातल्या गावातून रोज जायला दोन तास आणि यायला दोन तास चालून शाळा शिकले, घराण्यातले पहिले मॅट्रिक झाले. हे बाजीरावला दिसायचं नाही, त्याला दोन मार्क दिसायचे. मारुती पुढे वडगावात पोल्ट्री टाकून प्रदीपपेक्षा बऱ्यापैकी जास्त कमावू लागला, तरी ते दोन मार्क काही भरून निघाले नाहीत.

लॉकडाऊनमध्ये बाजीरावनेच डेपोत ‘काळगड’ नावाचा गेम आणला. तीन भागांची मालिका, राक्षसांची, किल्ल्यांची आणि मंतरलेल्या हत्यारांची. खेळ सुरू करताना आपलं पात्र आपण घडवायचं. शक्ती, दम, चपळाई, बुद्धी, वाणी यांत पंधरा गुण वाटायचे आणि पात्र कुठल्या घरात जन्मलं ते ठरवायचं: राजपुत्र, शिपाई, चोर की भिकारी. या सगळ्या जुळणीला बिल्ड म्हणतात. मग पातळी निवडायची. सर्वांत खालची नुसती गोष्ट ऐकण्यापुरती, सर्वांत वरची इतकी अवघड की डेपोतल्या लोकांनी तिला मरणकठीण असं नाव पाडलं होतं.

जेवणाच्या सुट्टीत आठ पोक्त कारकून डबे उघडून कुऱ्हाड चांगली की भाला यावर भांडायचे. बाजीरावचा बिल्ड ठरलेला: शिपाई, सगळे गुण शक्तीत, अंगावर लोखंड, पातळी मधली. समोर येईल त्याला ठोकायचं. प्रदीप मात्र दर वेळी भिकारी व्हायचा. फाटकं कांबळं, हातात काठी, शक्ती शून्य.

“एवढं कशाला जिवाला लावून घेतो?” बाजीराव एकदा भाकरी मोडत म्हणाला. “तुमचं बरं हाय बाबा. तुमाला समदं सोप्या लेवलवर मिळतं. हितं तरी सोपं घे की.”

तो हसत म्हणाला, म्हणून तर जास्त झोंबलं. टेबलावरचे सगळे हसले. प्रदीपने डबा बंद केला आणि त्याच दिवसापासून घरात कायदा केला की या घरात सोपी पातळी चालणार नाही.

कायद्याचा पहिला वार झाला तो पोरीवर. अनघा तेव्हा पंधरा वर्षांची. ती गोष्टीच्या पातळीवर खेळायची, सगळे गुण वाणीत टाकायची आणि पहारेकऱ्यांपासून राणीपर्यंत सगळ्यांशी बोलत बसायची. तलवार एकदाही न उपसता ती दुसऱ्या भागाच्या निम्म्यात पोचली होती. प्रदीपने लॅपटॉप ओढून घेतला.

“हे खेळणं नाही, ही भीक आहे. सोप्यावर जिंकलेलं कुणी मोजत नाही. मेलीस तरी चालेल, पण वरच्या पातळीवर मर.”

अनघाने खेळणंच सोडलं. तीन वर्षं तिने त्या गेमला हात लावला नाही, आणि बापाशीही कामापुरतंच बोलू लागली. प्रदीपला वाटलं, पोरगी अभ्यासाला लागली.

लागली होती हेही खरं. बारावीनंतरच्या परीक्षेत तिला चांगले मार्क पडले. पुण्याच्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजात राखीव जागेवर प्रवेश नक्की होता, खुल्यातून मात्र जेमतेम हुकत होता. जातीचा दाखला आणि पडताळणीचं प्रमाणपत्र कपाटात तयार होतं. आणि प्रदीपने डोक्यात राख घालून घेतली.

“अर्ज खुल्यातून भरायचा. माझ्या पोरीला कुणी दोन मार्क ऐकवायचे नाहीत.”

“कुणी म्हणजे तो बाजीरावच ना?” त्याची बायको ज्योत्स्ना म्हणाली. ती लोणावळ्याच्या एका हॉटेलात चादरी-टॉवेलांच्या खोलीची सुपरवायझर होती आणि तोंडाने कुणाला भ्यायची नाही. “त्याच्यापायी पोरीला लांबच्या कुठल्या तरी कॉलेजात फेकणार? तुमच्या बापाने पाय झिजवले ते काय तुम्ही असले नखरे करावेत म्हणून?”

“माझ्या बापाचं नाव घेऊ नकोस.”

“घेणार. ते असते तर कानाखाली वाजवली असती तुमच्या.”

अनघा दारात उभी राहून ऐकत होती. अर्जाची मुदत पुढच्या रविवारी संध्याकाळी पाचला संपणार होती.

तो रविवार प्रदीपच्या दृष्टीने भलत्याच कारणासाठी महत्त्वाचा होता. तीन महिन्यांपूर्वी बाजीरावने सगळ्यांदेखत पैज लावली होती. “तिसरा भाग, मरणकठीण, आन् एकाच जिवात. पुरा करून दाव. मी सवता डेपोच्या ग्रुपवर लिवतो, गड्यानं बिनसवलतीचं जिंकलं म्हणून.” प्रदीपला बक्षीस नको होतं. त्याला ते वाक्य हवं होतं, बाजीरावच्या नावाने, सगळ्यांनी वाचलेलं.

एका जिवात म्हणजे मेलं की सगळं पुसलं जातं, पुन्हा पहिल्यापासून. प्रदीप एकतीस वेळा मेला. तो राहायचा त्या कान्हे गावात लाइटचा भरवसा नाही, म्हणून खास इन्व्हर्टर बसवला. तिसऱ्या भागात भिकाऱ्याला देवळात फुकट ताट मिळतं, त्याने जखमा भरतात. प्रदीप त्या देवळावरून मरायला टेकलेला असतानाही पुढे जायचा आणि रानातली कंदमुळं चावत बसायचा. ज्योत्स्ना म्हणायची की हा माणूस खोट्या भुकेने खरा वाळत चाललाय. शेवटी शनिवारी संध्याकाळी त्याने काठी आणि तीन मंत्र एवढ्यावर काळगडाचा राजा लोळवला, आणि मोठ्याने ओरडला. घरातलं कुणी बघायला आलं नाही.

रविवारी तीनला बाजीराव कान्ह्याला आला. ज्योत्स्नाने चहा आणून आदळला. प्रदीपने लॅपटॉप त्याच्यापुढे सरकवला. पडद्यावर शेवटचा तक्ता होता: जन्म भिकारी, पातळी सर्वांत वरची, मृत्यू शून्य, देवळात घेतलेली ताटं शून्य.

बाजीरावने तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला, मग परत एकदा वाचला. तो चिडलेला नव्हता, आणि तेच वाईट होतं.

“झ्याक,” तो म्हणाला. “पन एक हाय. भिकाऱ्याला देवळात फुकट ताट मिळतं. राजपुत्राला न्हाई, आमच्या शिपायाला न्हाई. मंग ही सवलतच झाली की.”

“मी एकदाही घेतलं नाही. शून्य लिहिलंय तिथं. डोळे फुटले का?”

“घेतलं न्हाईस, व्हय. पन मिळत व्हतं का न्हाई? मिळत व्हतं. मंग बिनसवलतीचं कसं लिवू? खोटं लिवायला लावतोस व्हय?” बाजीरावने बशीत चहा ओतला. “वाईट वाटून घिऊ नगंस. गेम लय भारी खेळलास. पन जे हाय ते हाय.”

प्रदीपच्या कानांतून वाफ निघेल असं त्याला वाटलं. अठरा वर्षं तो समजत होता की बाजीराव काहीतरी मोजतोय, आणि पुरेसं जड काही ठेवलं की पारडं झुकेल. बाजीराव मोजत नव्हताच. रोज देवळात जेवलो असतो तर तीन महिने वाचले असते, आणि हा माणूस हेच बोलला असता.

“ऊठ,” प्रदीप म्हणाला.

“आं?”

“बशी ठेव खाली आणि माझ्या घरातून चालता हो.”

“उगा तापायलास तू. गेमपायी—”

“गेमपायी नाही. तुझ्या भावाला दोन मार्क जास्त होते, ते घेऊन चाटत बस जन्मभर. माझ्या टेबलाकडे परत तोंड केलंस तर बघ.”

बाजीराव चप्पल घालताना काहीतरी पुटपुटला. प्रदीपने दार आपटलं आणि घड्याळ पाहिलं. चार वाजून दहा मिनिटं. कपाट उघडून त्याने दाखल्याची फाइल ओढली, त्या घाईत वरचे दोन डबे खाली आले. तो आतल्या खोलीत गेला. अनघा खाटेवर पुस्तक वाचत होती.

“अर्ज उघड. प्रवर्ग बदल. अजून पन्नास मिनिटं आहेत.”

“बदलायचं काही नाही,” अनघा म्हणाली. “मंगळवारीच राखीवमधून भरला. दाखल्यांचे फोटो आईने काढून दिले.”

त्याच्या जिवावरचं ओझं उतरलं आणि त्याच क्षणी डोकं भडकलं. “मला न विचारता?”

“तुम्ही तुमच्या बापाला विचारून एकतीस वेळा मेलात का, पप्पा? तुम्हाला त्या माणसाकडून पास व्हायचं होतं, आणि त्यासाठी कॉलेज माझं पणाला लावलं होतंत. मला त्याला काही दाखवायचं नाहीये. डेपोत विचारलं तर खुशाल सांगा, पोरीने सोप्यावर घेतलं.”

यात सोपं काही नव्हतं, तुझ्या आजोबांपासून कुणालाच नव्हतं, हे सांगायला प्रदीपने तोंड उघडलं. पण सोपं म्हणायला तिला तीन वर्षं शिकवलं होतं ते त्याने स्वतःच. फाइल हातात धरून तो तसाच दारात उभा राहिला, आणि अनघाने पुस्तकाचं पान उलटलं.